शस्त्रक्रियेनंतरची कॉफी आणि सूर्यास्ताची मर्यादा

नांदेडजवळच्या विष्णुपुरीची ओळख शहराला मुख्यतः दोन गोष्टींमुळे आहे. गोदावरीचे पाणी अडवून झालेला शंकरसागर जलाशय ही पहिली. पावसाळ्यात त्याचे किती दरवाजे उघडले, याची चौकशी मोंढ्यातही रोज होते. दुसरी म्हणजे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालयही याच परिसरात असल्यामुळे रस्त्याकडेच्या टपऱ्यांवरील किटल्या सकाळपासून थंड होत नाहीत. रुग्णाला भेटायला आलेले नातलग असोत, की उपाशीपोटी रक्त तपासायला देऊन बाहेर पडलेले लोक असोत, सर्वांच्या हाती प्रथम येतो तो चहाचा किंवा कॉफीचा पेला. ज्याच्या जठरावर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्याच्याही हाती तो कोणीतरी प्रेमाने देतोच. ‘एवढीशी कॉफी, तिने काय होणार?’ हे वाक्य आपल्या घरांत आदरातिथ्याचा भाग आहे. त्याचे खरे उत्तर मात्र हो किंवा नाही अशा एका शब्दात बसत नाही.

या शस्त्रक्रियेचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाओ इटो यांनी १९६६ साली गॅस्ट्रिक बायपासची पहिली शस्त्रक्रिया केली. महाराष्ट्रात ती घरोघरी चर्चेला आली ती मुख्यतः २०११ च्या सप्टेंबरात, जेव्हा नितीन गडकरी यांनी मुंबईत ती करून घेतली. ते त्या वेळी भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते, आणि त्यांनी ही गोष्ट लपवून ठेवली नाही. त्यानंतर या शस्त्रक्रियेविषयीचा संकोच बराच ओसरला. आज तिचे दोन प्रकार अधिक प्रचलित आहेत. स्लीव्ह प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. बायपास प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न पुढच्या मार्गाने जाते आणि जठराचा मोठा भाग, तसेच आतड्याचा पहिला भाग, बाजूला राहतो. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः शोषले जाते ते नेमके याच पहिल्या भागात. पुढच्या साऱ्या विवेचनात ही एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मराठवाड्यातील कुटुंबे अशा उपचारांसाठी हैदराबाद, छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई गाठतात. परतताना सोबत आहाराचा छापील कागद मिळतो. तो कागद चांगलाच असतो. परंतु तो बहुधा अंडी खाणाऱ्या आणि रात्री आठ वाजता जेवणाऱ्या माणसाला समोर ठेवून लिहिलेला असतो. नवकारशी आणि चौविहार पाळणाऱ्या घरात तो जसाच्या तसा लागू करू पाहिल्यास हिशेब जुळत नाही.

प्रथम सुरुवातीच्या आठवड्यांविषयी. टाके भरून येईपर्यंत कॉफी पूर्ण वर्ज्य, याविषयी फारसा मतभेद नाही. मुदत किती, याबाबत मात्र शल्यविशारदांत एकमत नाही. कोणी महिना सांगतो, कोणी तीन महिने. आपल्या शल्यविशारदाने सांगितलेली मुदतच पाळावी. शेजाऱ्याला एका महिन्यात मोकळीक मिळाली, हा आधार होऊ शकत नाही. कॉफीमुळे जठरातील आम्लाचा स्राव वाढतो आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप काही जणांत सैल पडते. स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर आम्ल वर येण्याचा त्रास तसाही वाढू शकतो, म्हणून तिथे ही सावधगिरी अधिक. बायपासच्या जोडावर व्रण होण्याची भीती असते; पण त्यात कॉफीचा दोष जितका सांगितला जातो तितका सिद्ध झालेला नाही. तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्या हे त्याहून कितीतरी मोठे अपराधी आहेत. स्थूल माणसाचे गुडघे दुखतात, आणि दुकानात दिवसभर उभे राहणारा मनुष्य औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून गोळी आणून घेतो. कॉफी कटाक्षाने सोडून ही गोळी चालू ठेवणे म्हणजे किरकोळ खर्चाला कात्री लावून मोठी गळती तशीच राहू देणे होय.

कॉफीची सवय शस्त्रक्रियेपूर्वीच दोन-तीन आठवडे हळूहळू कमी करावी, हेही सांगितले पाहिजे. रोज तीन-चार पेले घेणाऱ्याने ती एकदम थांबवली, तर १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते आणि हा त्रास काही दिवस टिकू शकतो. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात पहिल्याच उपवासाला ज्यांचे डोके ठणकते, त्यांपैकी पुष्कळांना भुकेपेक्षा कॉफी-चहाचा अभावच अधिक छळत असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांत या डोकेदुखीची भर घालण्याचे काही कारण नाही.

आता प्रत्यक्ष पेल्याकडे वळू. मराठी घरातील कॉफी म्हणजे काही काळे कडू पेय नव्हे. दाट दूध, दोन-तीन चमचे साखर, जायफळाची पूड, कधी वेलदोडा, असा तिचा थाट असतो. चहाने पित्त होते म्हणून कॉफी घ्यावी, अशी समजूतही जुनी आहे. हैदराबादच्या सोयरिकींमुळे नांदेडच्या काही घरांत फिल्टरची कॉफी रुळली आहे, तीही गोडच. वजिराबादेत किंवा नव्या मोंढ्यात बसणाऱ्या व्यापाऱ्याकडे आडत्या आला, दलाल आला, जुने गिऱ्हाईक आले, की पेले मागवले जातात आणि यजमानाला साथ द्यावी लागते. दिवसाला असे चार पेले आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर धरली, तर दिवसाची ४० ग्रॅम आणि महिन्याची १,२०० ग्रॅम साखर होते. जेवण चार घासांवर आलेले असताना सव्वा किलोच्या जवळपास साखर केवळ पेयातून पोटात जाते. पातळ पदार्थ लहान जठरात अडत नाही, सरळ खाली उतरतो. त्याने पोट भरल्याची जाणीव होत नाही. शस्त्रक्रियेनंतर दीड-दोन वर्षांनी वजन पुन्हा चढू लागले, तर ताटापूर्वी अशा पेल्यांचा शोध घ्यावा. बायपास झालेल्यांना तर गोड पेय वेगाने आतड्यात गेल्यामुळे घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब असा त्रास होतो; वैद्यकात त्याला डम्पिंग म्हणतात. गूळ घातल्याने यात फरक पडत नाही.

तेव्हा मुदत संपल्यावर कॉफी घ्यायची ती लहान पेल्यात, साय काढलेल्या दुधाची, बिनसाखरेची आणि घोट-घोट. येथपर्यंतचा भाग कोणत्याही समाजाला सारखाच लागू आहे. जैन घराचा वेगळा प्रश्न यापुढे सुरू होतो, आणि त्यातील सर्वांत गंभीर बाब लोहाची आहे.

शाकाहारातील सारे लोह वनस्पतिजन्य असते आणि ते मुळातच कमी शोषले जाते. त्यात शस्त्रक्रियेने शोषणाची जागा घटवलेली असते. जेवणासोबत कॉफी घेतल्यास काय होते, याचे मोजमाप मॉर्क, लिंच आणि कुक या संशोधकांनी १९८३ साली प्रसिद्ध केले. जेवणाबरोबर एक पेला कॉफी घेतल्यावर लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी घटले. चहाने ते ६४ टक्क्यांनी घटले. म्हणजे कॉफी सोडून चहाकडे वळणारा मनुष्य लोहाच्या बाबतीत अधिकच तोट्यात जातो. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष आपल्याला अधिक उपयोगी आहे. जेवणाच्या एक तास आधी घेतलेल्या कॉफीने शोषणात घट झाली नाही. एक तासानंतर घेतलेल्या कॉफीने मात्र जेवणाबरोबर घेतल्याइतकीच घट झाली. आपल्याकडे रिवाज नेमका उलटा आहे. जेवण झाले, हात धुतले, की कॉफी समोर येते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेतही जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे सर्वसाधारण निरोगी भारतीयांना सांगितले आहे. १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम आणि झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते, तसेच दिवसाचे कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, हेही तिथेच नमूद आहे.

ही घट दिसत नाही, हेच तिचे दुर्दैव. कंबरेचा घेर कमी झालेला सर्वांना दिसतो, साडीचे ब्लाउज शिंप्याकडे आत घ्यायला जाते, कौतुक होते. त्याच काळात घरातील सून जिना चढताना धापा टाकू लागते, केस गळतात, तोंड फिके दिसते, आणि ‘वजन उतरले की असे होतेच’ म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीला शस्त्रक्रियेनंतर रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह पुरवावे, असे या क्षेत्रातील अमेरिकन शल्यविशारदांची संघटना सुचवते. कॅल्शियम १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, तेही दोन-तीन वेळा विभागून. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचे अंतर हवे, कारण एक दुसऱ्याला अडवते. आणि लोहाची गोळी कॉफीच्या घोटाबरोबर गिळणे म्हणजे ती निम्मी-अर्धी वाया घालवणेच आहे. ती लिंबाच्या किंवा आवळ्याच्या पाण्याबरोबर घ्यावी.

आता हे सारे घड्याळात बसवून पाहू. डिसेंबरच्या मध्यावर नांदेडला सूर्योदय पावणेसातच्या सुमारास आणि सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. नवकारशीची ४८ मिनिटे धरली, तर तोंडात पहिला घोट साधारण साडेसातला जातो. चौविहार असेल, तर पावणेसहाला सर्व बंद. पाणीही आणि गोळीही. हाती राहिले सव्वादहा तास. घन आहार सुरू झालेला रुग्ण चार वेळा थोडे-थोडे खातो. प्रत्येक खाण्याला अर्धा तास लागतो आणि त्याच्या आधी व नंतर अर्धा-अर्धा तास पाणी घ्यायचे नसते. या खात्यात सहा तास गेले. पाण्यासाठी उरले सव्वाचार तास, म्हणजे पाव-पाव तासाचे १७ टप्पे. एका टप्प्यात ६० मिलिलिटर सोसते असे मानले, तरी बेरीज १,०२० मिलिलिटर होते. डॉक्टर किमान दीड लिटर सांगतात. सुमारे अर्ध्या लिटरची तूट आली. जूनअखेर हाच दिवस लांबतो. सूर्योदय पावणेसहाला आणि सूर्यास्त सातच्या सुमारास होत असल्याने २५ टप्पे मिळतात आणि हिशेब दीड लिटरला कसाबसा जुळतो. तोही उकाड्यात जाणारा घाम न धरता. नेहमी कॉफी घेणाऱ्याच्या बाबतीत बेताची कॉफी द्रवातच मोजायला हरकत नाही, तिने शरीर कोरडे पडते ही भीती अतिशयोक्त आहे. परंतु ती १७ टप्प्यांतीलच एक-दोन टप्पे घेते आणि वर लोहापासून तिचे अंतरही सांभाळावे लागते. थंडीत रोज अर्ध्या लिटरची तूट साचत गेली, तर चक्कर, बद्धकोष्ठता आणि मुतखडा यांना निमंत्रण मिळते.

अशा वेळी घरात दोन प्रकार घडताना दिसतात. काही जण व्रत टिकवतात आणि पाणी कमी पितात. सांगत कोणालाच नाहीत, डॉक्टरांना तर नाहीच. काही जण रात्री लपून पाणी पितात आणि मनात अपराधाचे ओझे वागवतात. दोन्ही टाळता येण्यासारखे आहे. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार सांगितले आहेत, म्हणजे कोणत्या प्रसंगी व्रताचा भंग मानला जात नाही ते अपवाद. त्यांतील एक आगार तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषधादी घेण्यासंबंधी आहे. शिवाय चौविहाराच्या जागी तिविहार घेता येतो. त्यात अशन, खादिम आणि स्वादिम या तिन्हींचा त्याग राहतो, पाणी मोकळे राहते. दिगंबर परंपरेतही रात्री अन्नाचा त्याग आणि पाणी-औषधाची मोकळीक अशी मर्यादा घेणारे श्रावक पुष्कळ आहेत. कोणता नियम कसा घ्यावा, हे साधू-साध्वींना विचारून ठरवावे, आणि तेही शस्त्रक्रियेच्या आधी, प्रकृतीचा सारा तपशील सांगून. शल्यविशारदालाही चौविहार म्हणजे काय ते स्वच्छ सांगावे. त्याला ते ठाऊक असेलच असे नाही, आणि न सांगितलेल्या गोष्टीचा उपाय तो देऊ शकत नाही.

तिविहार स्वीकारला, तर डिसेंबरातही दिवस सुकर होतो. नवकारशीनंतर साडेसातला लहान पेलाभर कॉफी. मग तासाभराने, पावणेनऊला नाश्ता. मुगाच्या डाळीचा चिला, घरचे पनीर असे काही. पावणेअकराला कॅल्शियमची एक गोळी, साडेबाराला जेवण, पावणेतीनला लिंबूपाण्याबरोबर लोह, आणि पाचला सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासोबत पुन्हा कॅल्शियम. चौथे छोटे खाणे चारच्या आत बसवता येते. सूर्यास्तानंतर फक्त पाणी. दुसरा पेला हवाच असेल, तर त्याची जागा दुपारच्या जेवणाच्या तासभर आधी, साडेअकराला; जेवणानंतर नाही आणि लोहाच्या जवळपास तर मुळीच नाही. औषधांच्या मात्रा आणि क्रम डॉक्टर ठरवतील. येथे केवळ एवढेच दाखवायचे आहे की कॉफीला दिवसात जागा आहे, पण ती अगदी अरुंद आहे. ठरलेल्या मिनिटाला तोंड धुणारा आणि ठरलेल्या मिनिटाला तोंड बंद करणारा समाज ही शिस्त इतरांपेक्षा सहज पाळू शकतो, असे म्हणायला हरकत नसावी.

कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्यांनी पाकिटावरचा बारीक मजकूरही वाचावा. बाजारातील बऱ्याच कॉफीत चिकोरी मिसळलेली असते, आणि चिकोरी ही एका वनस्पतीची भाजलेली मुळी आहे. मिश्रणाचे प्रमाण पाकिटावर छापलेले असते. चिकोरीत कॅफीन नसते. म्हणून चिकोरी टाळून शुद्ध कॉफी घेणाऱ्याने तेवढ्याच चमच्यात कॅफीन अधिक येते हे लक्षात ठेवून पूड कमी घालावी. जीवनसत्त्वांच्या कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते आणि ड जीवनसत्त्व पुष्कळदा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धापासून बनवतात. त्याचे पर्याय मिळतात. औषधविक्रेत्याकडे आग्रहाने मागावे लागतात, एवढेच. ब-१२ जीवाणूंच्या किण्वनातून तयार होते, तेव्हा त्याची गोळी घेण्यात अडचण नाही, आणि शाकाहारी रुग्णाने ती कधीच चुकवू नये.

राहिला तपाचा प्रश्न. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात अठाईचा किंवा एकांतर उपवासांचा संकल्प करण्यापूर्वी शल्यविशारदाची अनुमती घ्यावी. प्रथिने दिवसाला ६० ग्रॅम तरी पोटात जायला हवीत, आणि एक दिवस गेला तर लहान जठराला दुसऱ्या दिवशी ती भरून काढता येत नाहीत. उपवासाच्या पारण्याला रिकाम्या पोटी प्रथम कॉफी घेण्याची काही घरांत सवय आहे. ती मोडावी आणि मुगाचे पाणी घ्यावे. वर्षीतपाचे पारणे अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने होते. भगवान ऋषभदेवांना श्रेयांसकुमारांनी इक्षुरस वोहरावला, त्याचे ते स्मरण. एखाद्या तपस्व्याची पूर्वी बायपास झालेली असेल, तर पेलाभर उसाचा रस त्याला तिथेच मंडपात घाम आणि धडधड आणू शकतो. पारणे करवणाऱ्या कुटुंबीयांना हे आधी सांगून ठेवावे आणि चमच्या-चमच्याने, मध्ये थांबत रस द्यावा. रांगेत मागे उभ्या असलेल्यांना थोडा वेळ थांबावे लागेल.